'आर्केंजल'ची पहिली शंभर पानं: कंटाळवाणी की गरजेची?

सांजवारा:
रॉबर्ट हॅरिसची 'आर्केंजल' आमच्या वाचनगटाने या महिन्यात वाचायला घेतली. निम्म्या मंडळींनी शंभरेक पानांनंतर ती मिटून ठेवली. "थ्रिलर म्हणून दिलीत आणि हातात इतिहासाचं पुस्तक आलं," ही त्यांची तक्रार. मला ती अजिबात पटलेली नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कादंबरी १९९८ची. फ्लूक केल्सो हा ब्रिटिश इतिहासकार एका परिषदेसाठी मॉस्कोत आलाय. पापू रापावा नावाचा म्हातारा त्याला गाठून सांगतो, की स्टालिनला झटका आला त्या रात्री मी बेरियाच्या (गुप्त पोलिसांचा एकेकाळचा प्रमुख) पहाऱ्यावर होतो, आणि बेरियाने स्टालिनची एक वही पळवून पुरून ठेवली. त्या वहीच्या मागावर केल्सो थेट उत्तरेला अर्खांगेल्स्कला पोचतो. पाठलाग, बर्फ, बंदुका सगळं आहे, पण बरंच पुढे.

माझ्या मते तो संथ भागच खरी कादंबरी आहे. १ मार्च १९५३ला मॉस्कोजवळच्या कुंत्सेवोतल्या स्टालिनच्या बंगल्यात काय झालं ते बघा. मेजवानी पहाटे चारच्या सुमारास संपली. त्यानंतर दिवसभर स्टालिनच्या खोलीतून काही हालचाल नाही. संध्याकाळी साडेसहाला दिवा लागला, पहारेकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुन्हा शांतता. न बोलावता आत जायची कोणाची छाती नव्हती. रात्री उशिरा टपालाचं निमित्त करून एक जण आत गेला, तर स्टालिन जमिनीवर पडलेला. मग बेरिया आणि पक्षातला दुसरा बडा नेता मालेन्कोव्ह आले. मालेन्कोव्हचे नवे बूट करकरत होते म्हणून त्याने ते काढून काखेत मारले, असं पहारेकऱ्यांनी नंतर सांगितलं. डॉक्टर उजाडेपर्यंत आले नाहीत. स्टालिनवर वर्षानुवर्षं उपचार करणारे विनोग्रादोव्ह तर आधीच तुरुंगात होते. ५ मार्चला तो गेला.

जगातला सगळ्यात ताकदवान माणूस तासन्‌तास पडून राहतो आणि दार उघडायला कोणी धजत नाही. ही भीती वाचकाच्या अंगात मुरायला वेळ लागतो. घाईने सांगितली तर ती नुसती माहिती होते.

मुळामुठा:
सांजवाराताई, तुम्ही वर्णन केलंत तो भाग मलाही आवडला. पण तो अगदी सुरुवातीला येतो, आणि तो संथ नाहीच! बेरिया दारातून आत आल्यापासून पान खाली ठेववत नाही. तक्रार त्यानंतरची आहे. केल्सो ग्रंथालयात जातो, मग मामान्तोव्ह या स्टालिनभक्ताकडे, मग आणखी कुणाकडे, आणि प्रत्येक जण त्याला १९३०च्या दशकात काय झालं ते ऐकवतो. नायक इतिहासकार असल्यामुळे लेखकाला व्याख्यान द्यायची आयती सोय झाली.

माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. वहीत काय आहे हे कळल्याशिवाय ती चुकीच्या हातात पडली तर काय बिघडणार हेही कळत नाही. मग मी का धास्तावू? कोणी मागे लागलंय एवढ्याने भागत नाही. काय गमवायचं आहे हे वाचकाला ठाऊक हवं. बाबूराव अर्नाळकर वाचून वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

जुनापुराणा:
मुळामुठा, आमच्या पिढीसाठी तो भाग फार मोलाचा आहे. आमचा रशिया म्हणजे लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातली स्वस्त, सुंदर चित्रांची पुस्तकं आणि अण्णाभाऊंचं 'माझा रशियाचा प्रवास'. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, त्या पुस्तकांनी मला वाचायला शिकवलं. पण कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावण्या त्यात नव्हत्या. रापावाने तिथे वर्षानुवर्षं काढली आहेत. तो बोलू लागतो तेव्हा पुढची घटना लवकर यावी असं मला एकदाही वाटलं नाही.

आणि मामान्तोव्ह तुम्हाला नको वाटला, पण त्याच्याशिवाय कादंबरीला अर्थ काय? स्टालिनवर आजही श्रद्धा असलेला माजी केजीबी अधिकारी. १९९८मध्ये, ऑगस्टमध्ये रूबल कोसळलेला असताना, असा माणूस भूतकाळातून उरलेला वाटला असेल. आज बघा. छावण्यांतल्या बळींची नोंद ठेवणारी 'मेमोरियल' संस्था डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंद करायला लावली. मे २०२५मध्ये मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्थानकात स्टालिनचं जुनं शिल्प नव्याने घडवून बसवलं. मामान्तोव्हच्या घरातला प्रसंग मी यंदा पुन्हा वाचला आणि पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ झालो.

कृष्णाकाठ:
(पुढे रसभंग आहे, वाचायची असेल तर हा प्रतिसाद सोडून द्या.)

संथपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट पहिला अर्धा भागच चांगला आहे. गाडी घसरते ती नंतर. स्टालिनचा गुप्त मुलगा अर्खांगेल्स्कच्या जंगलात वाढवलेला, अगदी बापाची प्रतिकृती, आणि त्याला परत आणून देश ताब्यात घ्यायचा बेत? इतक्या कष्टाने उभं केलेलं खरं मॉस्को, आणि त्यावर हा कळस! संथ सुरुवात मी माफ करते ती पुढे काही भरीव मिळेल या भरवशावर. तो भरवसा इथे मोडला.

रापावाची मुलगी झिनाइदा हीसुद्धा वाया घालवली आहे. बापाने काय भोगलं ते तिच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही, आणि तिला काम काय, तर नायकाला पुढच्या ठिकाणी पोचवणं.

सांजवारा:
झिनाइदाबद्दल शंभर टक्के सहमत. तिच्यासाठी आणखी पन्नास पानं मी आनंदाने वाचली असती.

पण मुलाची गोष्ट वाटते तितकी हवेतली नाही. क्रांतीआधी स्टालिनला सोल्विचेगोद्स्कला हद्दपार केलं होतं. ते गाव आजच्या अर्खांगेल्स्क प्रांतात येतं. तिथे तो ज्या विधवेच्या घरी राहायचा, तिला १९११मध्ये मुलगा झाला, कॉन्स्तान्तीन कुझाकोव्ह. पुढे ते सोव्हिएत टेलिव्हिजनमध्ये अधिकारी होते. १९९५मध्ये त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की मी स्टालिनचा मुलगा, आणि १९९६मध्ये ते वारले. म्हणजे त्याच उत्तरेत, कादंबरी येण्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी, असा दावा खरोखर झाला होता.

मुळामुठा:
हे मला माहीत नव्हतं, छान माहिती. पण ताई, बाहेरच्या जगात एखादी गोष्ट घडली म्हणून कादंबरीत ती आपोआप पटत नाही. कुझाकोव्ह नोकरी करून, संसार करून म्हातारा झालेला माणूस होता. कादंबरीतला मुलगा जंगलात बापाची जुनी भाषणं घोकतो. या दोघांत केवढं अंतर आहे! ते अंतर लेखकाने भरायचं असतं, आणि नेमकं तिथेच तो घाई करतो. सुरुवातीला ज्याच्याकडे वेळच वेळ होता, त्याला शेवटी इतकी घाई का?

भटकी लेखणी:
बीबीसीने २००५मध्ये यावर मालिका केली, डॅनियल क्रेग केल्सोच्या भूमिकेत. तुमच्या गटातल्या अधीर मंडळींना ती दाखवा, तिथे गोष्ट भराभर पुढे सरकते. पण माझ्यासाठी या कादंबरीतली सगळ्यात भयंकर पानं वहीची आहेत, आणि पडद्यावर ती तशी भिडली नाहीत. अर्खांगेल्स्कची अॅना साफानोव्हा, कोमसोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेतली भाबडी, श्रद्धाळू मुलगी, स्टालिनच्या बंगल्यावर कामाला येते आणि रोजनिशी लिहिते, तीच ही वही. तिला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्याला कशासाठी निवडलंय. वाचकाला मात्र तिच्या आधी कळतं. तिथे ना बंदूक ना पाठलाग, तरी मला पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन यावं लागलं.

मुळामुठा:
वहीबद्दल पूर्ण मान्य. मग तीच पानं आधी का नाहीत? पहिल्या पन्नास पानांत अॅनाच्या चार नोंदी अधूनमधून पेरल्या असत्या, तर केल्सो ग्रंथालयात बसलाय तेव्हाही माझा जीव टांगणीला लागला असता. मामान्तोव्हचं बोलणंसुद्धा मी कान देऊन ऐकलं असतं. संथपणा तेवढाच राहिला असता, कंटाळा गेला असता.

सांजवारा:
नाही, तिथेच माझा विरोध आहे. बेरियाला जून १९५३मध्ये अटक झाली, त्यानंतर कादंबरीतल्या रापावाला वहीसाठी छळलं गेलं, कोलिमाला धाडलं गेलं, आणि त्याने जागा सांगितली नाही. वहीत काय आहे ते न वाचता त्याने हे सोसलं. वाचकाच्या हातात आधीच अॅनाच्या नोंदी दिल्या, तर आपण त्याच्यापेक्षा शहाणे होऊन बसू आणि त्याचा हट्ट वेडेपणा वाटेल. मला पहिली शंभर पानं त्याच्याइतकंच अंधारात राहायचं होतं.