मदत हवी आहे : गॉगल ग्राइंडरवाल्याला, इजा हेल्परला

शिरोली एमआयडीसीत माझं लहान फॅब्रिकेशनचं शॉप आहे, माणसं नऊ. गेल्या मंगळवारी आमच्या हेल्परच्या डोळ्यात लोखंडाची कपची घुसली. ग्राइंडरवाल्याला काही झालं नाही, त्याला गॉगल होता. हा पोरगा पलीकडे अडकलेली पिन छन्नी-हातोड्याने काढत होता. "कायतरी टोचलं" म्हणाला, पाणी मारलं आणि पाचपर्यंत काम केलं. रक्त नाही, दिसतही होतं. सकाळी उठला तर त्या डोळ्याला सगळं धुरकट. सीटी स्कॅनमध्ये कळलं, कण बुबुळातून आरपार जाऊन मागे बसलाय. (आधी कुणीतरी एमआरआय सुचवला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हातच जोडले, लोखंड चुंबकाने आत हललं असतं म्हणे.) ऑपरेशन झालं, नजर किती येईल ते अजून सांगत नाहीत.

ती छन्नी नंतर हातात घेऊन बघितली. डोकं ठोकून ठोकून फुललेलं, कडा पाकळ्यांसारख्या बाहेर वळलेल्या, आणि त्यातली एक पाकळी गायब.

गॉगल डझनभर आणलेत, पण ओरखड्यांनी आंधळे झालेत. पत्र्याखाली घामाने वाफ धरते, मग ते कपाळावर चढतात. नंबरचा चष्मा असलेले दोघे म्हणतात, आम्हाला आहेच की. डोळ्यातला कण रुमालाच्या टोकाने काढणारा एक 'स्पेशालिस्ट'ही आहे.

अजून कुठे माझं दुर्लक्ष होत असेल? आणि माणसं खरंच घालतील असा गॉगल कुठला?

टूलरूमवाला : छन्न्यांची फुललेली डोकी ग्राइंड करून उतरवा, दर आठवड्याला. हातोड्यावर हातोडा मारू देऊ नका, दोन्ही कडक, कपची उडणारच. एअर गनने बर (कापल्यावर राहिलेला धातूचा किस) उडवतात तेही बघा. आणि गार्ड काढून 4 इंची ग्राइंडरला 7 इंची व्हील लावलंय का? मशीन फिरतं 11,000 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास, व्हीलवर लिहिलेली मर्यादा असते साधारण 8,500. ते फुटलं तर गॉगलचं काय घेऊन बसलात! डिस्पॅचची घाई असली की हे उद्योग हमखास.

नेत्रविभागातली : आमच्याकडे शेजारी नुसता उभा असलेला माणूसही येतो, म्हणून शॉपमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला गॉगल हवा. पॉलिकार्बोनेटची काच, बाजू झाकलेल्या, आयएस 5983 (डोळ्यांच्या संरक्षणाचं भारतीय मानक) छापलेला घ्या. वाफ न धरणारे मिळतात, चष्म्यावरून बसणारेही. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. कण आत गेल्याची शंका असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, पाण्याचा फवारा नाही. कागदी कप डोळ्याला न टेकवता वर ठेवून चिकटपट्टी लावा आणि लगेच आणा. चुना किंवा ॲसिड गेलं असेल तर मात्र उलटं, आधी जागेवरच 15-20 मिनिटं भरपूर पाणी, मग दवाखाना. रुमालवाल्या स्पेशालिस्टला आजच रिटायर करा.

धागाकर्ता : ताई, दादा, आभार. आज छन्न्या गोळा केल्या, 11 पैकी 7 फुललेल्या. 7 इंची व्हीलसुद्धा सापडलं, मीच आणलेलं. नऊच माणसं असल्याने ईएसआय (कामगार विमा) नाही. त्या पोराच्या भरपाईचं कसं करायचं, कुणाला अनुभव आहे का?