वायरमन दोनशे रुपयांत करून देईल म्हणे!

दांडियाबाजारकर
काल ग्रुपवर एकाने टाकलं, ‘प्रदर्शनात नुसती अंधारी खोली आणि भिंतीवर उजेड. आमचा वायरमन दोनशे रुपयांत करून देईल.’ खाली सगळे खी-खी. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

उजेडाचीच कला करणारा जेम्स टरेल छताला भोक पाडतो, मान्य. पण त्या भोकाची कड इतकी पातळ ठेवतो की छताची जाडी दिसतच नाही, आणि आभाळ छतालाच चिकटवल्यासारखं सपाट वाटतं. संध्याकाळी आतले दिवे हळूहळू बदलले की वरच्या आभाळाचा रंग बदलतो. बाहेर काही झालेलं नसतं! १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये एक बाई त्याच्या उजेडाला भिंत समजून टेकायला गेली आणि पडली. प्रकरण कोर्टात गेलं. सांगा तुमच्या वायरमनला.

फेज_न्यूट्रल
तो वायरमन मीच. म्हणजे कला कळायला हाड मोडून घ्यायचं तर?

एका कलाकाराने माझ्याकडून असंच काम करून घेतलंय. डिमर तीनदा बदलायला लावला, ‘उजेड बोलत नाहीये’ म्हणे. कार्डावर माझं नाव नाही, निम्मे पैसे अजून यायचेत. तुमच्या रिकाम्या खोलीवर बोला हवं तितकं, माझी वायर खरी होती.

रावपुऱ्याची सून
भाऊ, पैशांचं चूकच झालं. पण वैताग त्याचा आणि राग सगळ्यांवर?

शिल्पकार रेचल व्हाइटरीडचं ‘हाउस’ घ्या. १९९३, पूर्व लंडन. ओळीतली बाकीची घरं पाडलेली, एकच उरलेलं. तिने त्याच्या आतून काँक्रीट मारलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती आतली पोकळी, घट्ट झालेली. शेगडीची जागा बाहेर आलेली, खिडक्यांचे उंचवटे. माणसं गेली, त्यांची जागा तेवढी उभी. ११ जानेवारी १९९४ ला तेही पाडलं.

फेज_न्यूट्रल
त्याच बाईंना ब्रिटनमधल्या कलेच्या टर्नर पुरस्काराचे २०,००० पौंड, आणि त्याच वर्षी सर्वांत वाईट कलाकार म्हणून एका मंडळीकडून ४०,०००. दुप्पट! मी पण गूगल करतो.

कमाटीबागवाला
लंडनचं घर पाडलं म्हणून गळा काढताय, इथे बडोद्यात दांडिया बाजारातले वाडे एकेक करून गेले तेव्हा कुठे होतात? आमच्या काकांचा वाडा बिल्डरला दिला. चौकात दुपारी कवडसा पडायचा, आजी त्यावरून चहाची वेळ सांगायची. आता तिथे लिफ्ट. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं राहिली, कारण सरकारने वाडा ताब्यात घेतला.

दांडियाबाजारकर
सही कुणी केली होती, काका? बिल्डर काय रात्री भिंत फोडून आला?

कमाटीबागवाला
तोंड सांभाळून. पाच भावांत एक चौक वाटून बघ, मग बोल. पावसात गळणाऱ्या कौलांखाली तू राहिला नाहीस. तुला फक्त फोटो काढायला वाडा हवा.

रावपुऱ्याची सून
अहो, विषय काय! आणि काका, तो कवडसा तुम्हाला अजून आठवतो ना? लिफ्ट लागल्यावर जास्तच आठवत असेल. मी तेच तर म्हणतेय.

कमाटीबागवाला
बरं बाई, तू जिंकलीस. पण चित्र बघायचं तर मी कीर्ती मंदिरातच जाणार. नंदलाल बोसांनी भिंती रंगवल्यात, मान वर केली की काहीतरी दिसतं तरी.

दांडियाबाजारकर
आणि कीर्ती मंदिर कुणासाठी बांधलंय? गेलेल्या गायकवाडांसाठीच ना!

फेज_न्यूट्रल
पुढच्या प्रदर्शनाला येतो बघायला. छतात भोक पाडायचं असेल तर आधी सांगा, वायरिंग तिथूनच जातं. ॲडव्हान्स पूर्ण घेईन.