घोडी टायर ओढताना उधळली. गाडीला कशी तयार करू?

प्रश्न – कुमैत

घोडी ३ वर्षांची आहे, अंगाने चांगली. खरारा, खूर उचलणं, मोहरकी (तोंडावर बांधायची साधी दोरी), कशालाच त्रास नाही. तंग (पोटाखालचा पट्टा), छातीपट्टा, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) सगळं घालून महिनाभर मोकळ्या जागेत फिरवली. परवा ओढपट्ट्यांना (छातीपट्ट्यापासून मागे जाणारे, ओझं ओढायचे पट्टे) जुना टायर बांधला. चार पावलं गेली, टायर खडीवर खरवडला आणि ती चौखूर उधळली. दोर माझ्या हातून सुटला. ती जितकी जोरात पळे तितका टायर उसळून तिच्या मागच्या पायांवर आदळे. कुंपणापाशी थांबली तेव्हा घामाने भिजली होती. एक पाय खरचटलाय, लंगडत नाही. पण आता साज दिसला तरी मागे सरते.

घरचे म्हणतात, सरळ गाडीला जुंप, दमली की आपोआप शहाणी होईल. माझं मन घेत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर – दुडकी

तोंडावर झापडं (डोळ्यांच्या बाजूंना लावतात ती) होती का? टायर आधी तिला दाखवला होता?

कुमैत

झापडं होती. टायर मागून नेऊन बांधला, दाखवला नव्हता.

उत्तर – लांब लगाम

ताई, गाडीला अजिबात जुंपू नका. आज टायर होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. गाडी असती तर दांड्यांमध्ये अडकून ती पडली असती, आणि धरणारा माणूस चाकाखाली.

तिच्या जागी उभं राहून बघा. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त पाठीमागचा अरुंद पट्टा आणि कपाळासमोरचा थोडा भाग दिसत नाही. झापडांनी मागची बाजू आणखी झाकली. म्हणजे काहीतरी खरवडत मागे लागलंय, दिसत नाही आणि पळालं की तेही पळतं. आता तिला उलटा अनुभव द्यायचा: ती वस्तू पुढे पळते आणि घोडी तिच्या मागे जाते.

पाय पूर्ण बरा होऊ द्या. मग साज नाही, झापडं नाहीत, नुसती मोहरकी. दुसऱ्या माणसाने टायर पुढे ओढत न्यायचा, तुम्ही तिला घेऊन लांबून मागे चालायचं. बहुतेक घोडी काही दिवसांत मान खाली घालून हुंगायला जातात. मग टायर शेजारून, आधी डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडचं शिकली म्हणून उजवीकडचं आलं असं धरू नका, दोन्ही बाजू वेगळ्या शिकवाव्या लागतात. त्यानंतर मागे, पण बांधून नाही. दोर माणसाच्या हातात, घोडीला कुठेही गाठ नाही. दचकली की दोर सोडून द्यायचा आणि आवाज तिथेच थांबला पाहिजे. परवा नेमकं हेच राहिलं.

याच्या जोडीने लांब लगाम. दोन दोर कडियाळ्याला (लगामाच्या तोंडातल्या लोखंडाला), तुम्ही मागे चालताय. वळताना दोर मागच्या पायांना घासू द्या. नंतर कधीतरी ओढपट्टा पायात आला तर लाथ मारण्याऐवजी उभी राहील. आणि ‘थांब’ म्हटलं की थांबणं. लगाम न ओढता, नुसत्या आवाजावर, रोज पन्नास वेळा. माझ्या पहिल्या घोड्यावर यातच ६ आठवडे गेले आणि तेव्हा मला ते फार वाटले होते. आज म्हणेन, कमीच होते.

शेपटीकडे बघत जा. दुमचीवर शेपूट आवळून धरली असेल, पुठ्ठे (मागचा मांसल भाग) दगडासारखे लागत असतील, तर कान कितीही शांत दिसोत, त्या दिवशी पुढची पायरी नाही. शेपूट सैल हलायला लागली, तोंड चघळायला लागली, की तिथेच सोडायचं. १५-२० मिनिटं पुष्कळ झाली.

गाडीच्या आधी दोन बांबू साजात अडकवून फिरवा. दांड्यांमध्ये घोड्याला अंग वाकवता येत नाही, पाय आडवे टाकत वळावं लागतं, आणि बरगडीला दांडी टेकली की नवी घोडी घाबरते.

गाडी लावाल तेव्हा क्रम चुकवू नका. लगाम आधी हातात घेण्याजोगे, तोंडाशी एक माणूस, मग ओढपट्टे, मग पुठ्ठ्यामागचा पट्टा (गाडी अंगावर येऊ न देणारा). सोडताना उलट. गाडी मागे ओढून लांब नेल्यावरच तोंडावरचा साज, म्हणजे लगाम-झापडं, काढायचा. मी हे एकदा मोडलंय. तांबडा खच्ची घोडा, दीड वर्ष गाडीत चाललेला. परत आलो, उकाडा होता, त्याला आराम म्हणून आधी तोंड मोकळं केलं. त्याने मान वळवली, उघड्या डोळ्यांनी पाठीशी चाक पाहिलं आणि गेला. दांडी मोडून तिचं टोक त्याच्या मांडीत घुसलं. वाचला, पण परत कधी दांड्यांमध्ये उभा राहिला नाही. चूक पूर्ण माझी होती.

उत्तर – दुडकी

वयाचंही बघा. तिसऱ्या वर्षी रिकामी हलकी गाडी, सपाट जमीन, एवढंच. हाडं अजून भरताहेत, पाठीचे मणके तर सगळ्यांत शेवटी. माणसं बसवून उतार-चढ पाचव्या वर्षाकडे. पुठ्ठ्यामागच्या पट्ट्याशिवाय उतारावर नेऊच नका, गाडी थेट तिच्या अंगावर येते.

कुमैत

काका, पाय बरा झाल्यावर तुम्ही सांगितलं तसं सुरू केलं. पहिले तीन दिवस टायरपासून वीस पावलं लांब राहिली, नाकपुड्या फुगवून. आज टायर थांबला तशी स्वतःहून जवळ गेली, हुंगला आणि पुढच्या खुराने खरवडला. दचकली, दोन पावलं मागे झाली, परत येऊन पुन्हा खरवडला. आवाज स्वतःच काढत होती. घरच्यांना बोलावून दाखवलं.

लांब लगाम

वा! आणखी दोन दिवस हेच करा, घाई नको. मग डाव्या बाजूने, दहा पावलं अंतर ठेवून.