वाडीची शाळा बंद करा आणि टप्पा वाढवा म्हणे!

कोरी पाटी
'दहा पोरांमागे दोन मास्तर पोसण्यापेक्षा वीस पटाखालच्या (वीसपेक्षा कमी पोरांच्या) झेडपी शाळा एकत्र करा आणि वाचलेला पैसा विनाअनुदानित शाळांना टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाला, म्हणजे टप्प्याला द्या, हाच खरा समन्याय.' ही पोस्ट काल तिसऱ्यांदा समोर आली. खाली अंगठ्यांचा पाऊस. दोनदा गप्प बसलो, आता बसवत नाही.

वीस पटाच्या आतल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात आहेत. त्या पुण्याच्या पेठांत नाहीत. तांडे, पाडे, धनगरवाडे, दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं ती गावं. 2023 मध्ये समूह शाळेचं, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करण्याचं पत्र निघालं, त्यात अशा झालेल्या तोरणमाळ आणि पानशेतच्या शाळांचे दाखले होते. दोन दाखल्यांवर पंधरा हजार कुलपं? मग 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा जीआर. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी पोरं असतील तर शिक्षक शून्य. सातवीतली मुलगी चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला चालत जाईल की आजीबरोबर शेळ्यांमागे, हे तुम्हीच सांगा.

आणि 'पोसणं' म्हणजे काय हो? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान तीस पटापर्यंत 10 हजार रुपये. वर्षाचे. खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच.

आता सभागृहात या. विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या. मत कुणाला? माध्यमिक आणि त्यावरच्यांना. पहिलीला बाराखडी शिकवणारा मास्तर त्या यादीत बसत नाही. म्हणून अधिवेशन लागलं की टप्पा, टप्पा आणि टप्पा. वाडीच्या शाळेच्या कुलपासाठी ओरडायला हक्काचा आमदारच नाही.

विनापगारी
वा सर. म्हणजे आमचे आमदार ओरडतात म्हणून आमचं पोट भरतं, असंच ना?

चौदा वर्षं झाली हायस्कूलला. पहिली सात वर्षं हातात शून्य. सुट्टीत मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जायचो. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलाच्या बहिणीच्या लग्नात जिलेबीचं ताट घेऊन उभा होतो, पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही बसा ना." ते ताट अजून आठवतं. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द 2009 मध्ये काढला, त्यानंतर वीस-वीस टक्के अनुदानाची भीक. ऑक्टोबर 2024 मध्ये टप्पावाढीचा जीआर काढला, निवडणूक झाली, निधीची तरतूद मात्र तेव्हा केली नाही. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात चिखलात बसलो तेव्हा पवारसाहेब आले, उद्धव ठाकरे आले. दोघांचे पक्ष सत्तेत होते तेव्हाही आम्ही त्याच मैदानात होतो.

तुम्हाला एक तारखेला पगार. दुःख कोणाचं मोठं ते मोजायला तुम्ही बसू नका.

घाटमाथ्यावरचा
दोघंही बरोबर, पण मूळ रोगावर कोणी बोलेना. पट का घसरला? मास्तर गावात राहतो का? आमच्या गावचे दोन्ही गुरुजी तालुक्याहून येतात, एकाच गाडीवर. गाडी बिघडली की शाळा अकराला. घरभाडे भत्ता मात्र अगदी वेळेवर. 2022 ला आमदार प्रशांत बंब विधानसभेत हेच बोलले तर मास्तरांनी मोर्चे काढले. पोरांसाठी कधी काढला मोर्चा?

डोंगरची मैना
आला! मुख्यालयाचा, म्हणजे नेमणुकीच्या गावातच राहण्याचा मुद्दा आला! मी वाटच बघत होते.

दादा, तुमच्या गावात भाड्याने खोली दाखवा. न्हाणीघर, संडास आणि दाराला आतून कडी असलेली. मी पहिल्या नेमणुकीला राहिले होते गावात. रात्री अकराला कुणीतरी दार वाजवायचं, सकाळी तोच माणूस "बाई, काही अडचण?" विचारायला ओट्यावर. आठ महिन्यांत सोडलं. सांगा ना, तुमच्या बहिणीला ठेवाल का त्या खोलीत?

घाटमाथ्यावरचा
बहिणीवर जाऊ नका. खोली नाही तर भत्ता घेऊ नका, सरळ हिशेब. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडता ना? म्हणजे खोटा कागद.

डोंगरची मैना
ठरावावर सही कुणाची? सरपंचाची. तो राहतो तालुक्याला, पोरं इंग्लिश मीडियमला. ग्रामसेवक, तलाठी, सिस्टर, वायरमन यातलं कोण मुक्कामी असतं ते मोजा एकदा. झोडायला मास्तरच बरा सापडतो.

घाटमाथ्यावरचा
वायरमन नसला तर एक रात्र अंधार. मास्तर नसला तर पिढी अंधारात.

डोंगरची मैना
हे फलकावर लिहून लावा शाळेत. रंगाचे पैसे पण द्या, 10 हजारांत बसत नाहीत.

हिशेबनीस
भांडण छान रंगलंय, पण सरकार तुम्हाला एकमेकांत झुंजवून मोकळं झालं. 2024 ला लाडक्या बहिणीसाठी वर्षाला 46 हजार कोटी जाहीर करताना कुणी विचारलं नाही पैसा कुठून आणणार. दरमहा 1500 म्हणजे एका बहिणीला वर्षाचे 18 हजार, तिच्या पोराच्या अख्ख्या शाळेला 10 हजार.

सासुरवाशीण
आमच्या 1500 वर डोळा ठेवायची सगळ्यांना भारी हौस. मी त्याच पैशातून पोराच्या व्हॅनचं भाडं भरते. का? वाडीतल्या शाळेत चार वर्गांना एक सर, तेही बीएलओचं (मतदार यादीचं) काम आलं की गायब. सर चांगले होते, मी नाही म्हणत नाही. पण माझं पोर तिसरीत बेरीज हातच्याची करेना. तुमच्या वादात माझं पोर कुठे बसतं ते सांगा, नाहीतर राहू द्या.

विनापगारी
ताई, तुमचं पोर ज्या शाळेत जातं तिथल्या सरांना किती मिळतात ते पण विचारा एकदा. आठ हजार मिळत असतील तर नशीब.

हिशेबनीस
आणि कोरी पाटी, तुमचा मतदारसंघाचा मुद्दा अर्धाच आहे. झेडपीचे पदवीधर शिक्षक पदवीधर मतदारसंघात मत देतात की. त्या पण सातच जागा आहेत. शिवाय तुमच्या संघटनांना विचारल्याशिवाय जिल्ह्यात झेडपीची निवडणूक होत नाही. अगदीच अनाथ नाही तुम्ही.

कोरी पाटी
पदवीधरमध्ये वकील, इंजिनीअर, बेरोजगार सगळेच मतदार. तिथे आमची ओळख पुसली जाते. पण ठीक, अनाथ हा शब्द मी वापरला नव्हता, वाटला मात्र तसाच असेल, मान्य.

विनापगारी सरांना एवढंच, की मी तुमचा टप्पा अडवलेला नाही. तुमचा पैसा माझ्या शाळेला कुलूप लावून आणायचा, याला विरोध आहे. शाळा बंद करून मिळालेला टप्पा तुम्हाला तरी गोड लागेल का?

विनापगारी
गोड-कडू नंतर बघू. आधी मिळू दे.
(पोस्ट मी लिहिलेली नाही. पण अंगठा दिला होता. काढतो.)

घाटमाथ्यावरचा
कोरी पाटी गुरुजी, एका प्रश्नाचं उत्तर चुकवलंत. तुम्ही राहता का वाडीत?

कोरी पाटी
नाही. तालुक्याला राहतो, 22 किलोमीटर. झालं समाधान?

आता माझं ऐका. हजेरीवर 22 पोरं आहेत, पण तिघांचं आधार जुळत नाही म्हणून संचमान्यतेत 19 धरली जातात. एकाचं नाव चुकलंय, दोघांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. उद्या तिघांना गाडीवर बसवून तालुक्याच्या केंद्रावर नेतोय. एका फेरीत तिघं बसत नाहीत, म्हणजे दोन फेऱ्या. तुमच्या गावावरूनच जातो. एक पोर तुमच्या गाडीवर घेता का, घाटमाथा?

घाटमाथ्यावरचा
किती वाजता?