मदत हवी आहे: ‘इन्कार्नेशन’ला सगळीकडे ‘अवतार’ चालेल का?

भाषांतर करणाऱ्यांनी जरा मार्ग दाखवावा. ‘इन्कार्नेशन’च्या मुळाशी लॅटिनमधला मांसवाचक शब्द आहे, म्हणजे देहात येणं. ‘अवतार’ हा ‘अव’ आणि ‘तॄ’ यांपासून झालेला, म्हणजे खाली उतरणं. विष्णूच्या दहा अवतारांबद्दल लिहिताना काही अडत नाही. ख्रिस्ताबद्दल मात्र ‘अवतार’ लिहिलं की अनेकांतला एक असा अर्थ निघतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेत ते एकदाच घडलं. मराठी बायबलात ख्रिस्ताबद्दल ‘शब्द देही झाला’ (‘शब्द’ म्हणजे ख्रिस्तच) असं आहे, म्हणून तिथे ‘देहधारण’च हवं. पुनर्जन्म तर वेगळाच: तो कर्मामुळे भोगावा लागतो, अवतार स्वेच्छेने घेतला जातो. ही गल्लत फार होते, आणि तिने अख्खा परिच्छेद बिघडतो.

‘दुष्टपणाचं इन्कार्नेशन’ला ‘मूर्तिमंत दुष्टपणा’ छान बसतं.

घोडं अडलंय ते एखाद्या संस्थेच्या किंवा नाटकाच्या ‘आधीच्या इन्कार्नेशन’पाशी. ‘नव्या अवतारात’ खपून जातं, पण ‘मागच्या अवतारात’ म्हटलं की ‘हा काय अवतार करून आलास!’मधला गबाळेपणा डोकावतो. ‘पूर्वरूप’ कोरडं वाटतं, ‘पूर्वावतार’ जड. बोलीत सहज बसेल असा शब्द कुणी वापरता का? अख्ख्या वाक्यासकट द्या.