कात्रजपर्यंत मेट्रो आल्यावर धनकवडी-बिबवेवाडीचा परिसर कसा बदलेल?

राजारामपुरीकर (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. आम्ही उभयता कोल्हापुरात राहतो. मुलगी पुण्यात नोकरीला असून धनकवडीत भाड्याच्या घरात राहते. तिच्यासाठी त्याच भागातील एका जुन्या सोसायटीत सदनिका घेण्याचा विचार चालू आहे. इमारत तीन मजली, उद्वाहनाविना आणि बरीच जुनी आहे. परंतु मालक अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक किंमत सांगत आहेत. स्वारगेट-कात्रज मेट्रो येणार, सोसायटीचा पुनर्विकास होणार आणि आजची किंमत तेव्हा किरकोळ वाटेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझा प्रश्न केवळ किमतीचा नाही. नवा रेल्वेमार्ग आल्यावर आजूबाजूचा परिसर नेमका कोणत्या क्रमाने बदलतो? त्याचा लाभ संपूर्ण उपनगराला होतो, की स्थानकालगतच्या मोजक्या गल्ल्यांनाच? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आराखडा:

मी नगररचनेच्या कामात बराच काळ घालवला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेला हा विस्तार 5.46 किलोमीटर लांबीचा आणि पूर्णपणे भुयारी आहे. त्याचा खर्च 2,954.53 कोटी रुपये धरला होता आणि काम फेब्रुवारी 2029 पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट होते. मूळ मंजुरीत मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानके होती. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी आणि बालाजीनगर या दोन स्थानकांची भर घालण्यास, तसेच कात्रज स्थानक 421 मीटर दक्षिणेकडे सरकवण्यास मान्यता दिली.

हा 421 मीटरचा आकडा आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मेट्रो स्थानकाभोवतीच्या 500 मीटरच्या पट्ट्यासाठी टीओडीची, म्हणजे वाहतूककेंद्री विकासाची, स्वतंत्र तरतूद आहे. त्या पट्ट्यात अधिमूल्य भरून जास्तीत जास्त 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या पटीत अनुज्ञेय बांधकाम, मिळू शकतो. पट्टाच 500 मीटरचा असताना स्थानक चारशे मीटरहून अधिक सरकले, तर काल आत असलेली गल्ली आज बाहेर पडते आणि ज्यांनी कधी विचारही केला नव्हता त्यांची घरे आत येतात. त्यामुळे ‘मेट्रोजवळ’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी कितीही शोभत असला, तरी खरेदीदाराने तो मीटरमध्ये मोजून घेतला पाहिजे.

शिवाय 4 हा आकडा सर्वांसाठी नसतो. समोरचा रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, तितका एफएसआय वाढत जातो. कमाल मर्यादा मोठ्या भूखंडांना आणि 30 मीटर वा त्याहून रुंद रस्त्यांनाच मिळते. सातारा रस्त्यावर तोंड असलेली मोठी सोसायटी आणि तिच्यामागच्या सहा मीटरच्या गल्लीतील आठ सदनिकांची इमारत स्थानकापासून सारख्याच अंतरावर असूनही त्यांचे भवितव्य निराळे असते. लहान भूखंडांवर पुनर्विकास परवडावा म्हणून शेजारच्या सोसायट्यांनी एकत्र यावे लागते, आणि दोन सोसायट्यांचे एकमत होणे हे भुयार खणण्यापेक्षा सोपे काम आहे असे मला कधी वाटले नाही.

क्रमाविषयी विचारलेत म्हणून सांगतो. पहिली उसळी घोषणेच्या वेळी येते आणि ती बव्हंशी जमिनीच्या भावांत दिसते. त्यानंतर कामाची वर्षे येतात. रस्ते अडतात, स्थानकाच्या खड्ड्यालगतची दुकाने मंदावतात आणि भाडी अनेकदा थबकतात. खरा बदल, म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याच्या सवयींचा बदल, सेवा सुरू झाल्यानंतरच होतो. आपले मालक तिसऱ्या टप्प्याची किंमत पहिल्याच टप्प्यात मागत आहेत.

शाहूपुरी पेठ:

आराखडा यांच्या मताला कोल्हापूरच्याच इतिहासाची जोड देतो. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग 1891 मध्ये सुरू झाला आणि शाहू महाराजांच्या काळात स्थानकालगत शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवण्यात आली. गुळाचा व्यापार तेथे एकवटला. पेठ वाढली ती केवळ गाडी थांबत होती म्हणून नव्हे. संस्थानाने व्यापाऱ्यांना जागा दिली आणि बाजार नेमका तेथेच बसवला, म्हणून. त्याच मार्गावरील जयसिंगपूरही महाराजांनी आखून वसवलेले व्यापारी गाव आहे.

उलट रुकडी पाहा. तेथेही स्थानक आहे आणि तोच रूळ आहे, तरीही गाव गावच राहिले. वळिवडे स्थानकाजवळच्या गांधीनगरात आज घाऊक कापडबाजार आहे, पण त्यामागे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत आणि त्यांचे व्यापारकौशल्य आहे. रूळ तर त्याआधी अर्धशतकापासून तेथे होते.

म्हणून कात्रजच्या संदर्भात मी विचारीन, की स्थानकाच्या तोंडाशी महापालिका काय करणार आहे? पदपथ, पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) थांब्यांची फेररचना, रिक्षांना उभे राहण्याची जागा यांपैकी काही ठरले असेल, तर परिसर बदलेल. काहीच ठरले नसेल, तर स्थानकाबाहेर वाहनांची गर्दी तेवढी वाढेल.

कागलचा भाडेकरू:

मी याच भागात भाड्याने राहतो, त्यामुळे चित्राची दुसरी बाजू मांडतो. भारती विद्यापीठामुळे धनकवडी-कात्रज पट्ट्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडील विद्यार्थी आणि नवे नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. जुन्या, उद्वाहन नसलेल्या इमारतींमुळेच येथील भाडी आम्हांला झेपतात. खानावळी आणि कॉट बेसिसच्या खोल्याही त्याच इमारतींत आहेत. पुनर्विकास झाला की सदनिकामालकाला मोठे घर आणि काम चालू असेपर्यंतचे भाडे मिळते, पण भाडेकरूला केवळ नोटीस मिळते. रेल्वेमुळे ज्यांचा प्रवास सर्वाधिक सुकर व्हायचा, तेच लोक सेवा सुरू होईपर्यंत आंबेगाव किंवा नऱ्ह्याच्या पलीकडे गेलेले असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

प्रवासाबाबत एक निरीक्षण नोंदवतो. 29 सप्टेंबर 2024 रोजी स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाल्यापासून शिवाजीनगर किंवा पिंपरीकडे जाणारे अनेक जण कात्रजहून बसने स्वारगेट गाठतात आणि तेथून मेट्रो धरतात. म्हणजे मेट्रोचा उपयोग काही प्रमाणात आजच मिळतो आहे. राजारामपुरीकर काकांच्या मुलीचे कार्यालय या मार्गावर नसेल, तर मात्र घराजवळचे स्थानक तिच्या फारसे कामाचे नाही.

राजारामपुरीकर:

आपणा सर्वांचे आभार. मुलीचे कार्यालय शिवाजीनगरला आहे, त्यामुळे मार्ग सोयीचा आहे. सोसायटीसमोरचा रस्ता मला नऊ मीटरचा वाटला, पण मोजलेला नाही. मागच्या बाजूस थोड्या अंतरावर ओढा आहे. कोणती कागदपत्रे पाहावीत?

आराखडा:

ओढ्याचा उल्लेख केलात हे बरे झाले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने अरण्येश्वर आणि सहकारनगर भागांत मोठी हानी केली होती. आपल्याला पंचगंगेची पूररेषा पाठ असते. पुण्यात ओढ्यांचीही तितक्याच गांभीर्याने पाहावी लागते, कारण तिच्या आत पुनर्विकासावर बंधने येतात, मग स्थानक दाराशी असले तरीही.

महापालिकेकडून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा अभिप्राय घ्यावा. भूखंड टीओडी पट्ट्यात आहे का आणि समोरच्या रस्त्याची आराखड्यातील रुंदी किती, हे त्यावरून कळेल. रुंदीकरण प्रस्तावित असेल, तर सोसायटीची किती जागा जाते तेही पाहावे. भूखंड प्रत्यक्ष भुयाराच्या वर किंवा अगदी लगत असल्यास पाया आणि बोअरवेलसाठी महामेट्रोची (मेट्रो बांधणाऱ्या कंपनीची) परवानगी लागू शकते, याचीही चौकशी करावी. सोसायटीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, झालेले नसेल, तर पुनर्विकासाची चर्चा तूर्त बाजूलाच ठेवावी.

खर्चाचा हिशेब करताना पुण्यातील मुद्रांक शुल्कात 1 टक्का मेट्रो अधिभार धरावा; कोल्हापुरात तो लागत नाही. सदनिका एकट्या मुलीच्या नावावर घेतल्यास महिलांसाठीची 1 टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे तेवढा भार निघून जातो. किंमत ठरवताना इमारत आज आहे तशीच आणखी दहा वर्षे राहील असे धरावे, आणि तरीही रक्कम पटत असेल तरच इसार द्यावा.