सॉफ्टवेअरचा टिकमार्क मिळाला म्हणून पेपर खरा ठरतो का?

कपाशीवाला, परभणी:
काल इथं एकानं लिहिलं की प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर, आता सॉफ्टवेअरनंच तपासावेत, रिव्ह्यूअरची (पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या संशोधकांची) वाट बघण्यात वर्ष जातंय. डोकंच उठलं म्हणून लिहायलोय. २०२० मध्ये मेडआर्काइव्ह, बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटींवरच्या कोविडच्या पेपरांवर हे करून झालंय. सायस्कोर नावाचं सॉफ्टवेअर रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं), ब्लाइंडिंग (कुणाला कोणता उपचार ते लपवणं) याचा उल्लेख शोधायचं, ऑडपब ओपन डेटा, म्हणजे सगळ्यांना खुला ठेवलेला डेटा शोधायचं, बारझूका चुकीचे बार ग्राफ पकडायचं. चांगलंय, पण हे सगळं फक्त लिहिलंय का तेवढंच बघतं, खरंच केलंय का ते कोण बघणार? आयव्हरमेक्टिन हे औषध कोविडवर चालतं म्हणणारा इजिप्तचा प्रीप्रिंट आठवा. लंडनच्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्यानं डेटाची फाइल उघडली तेव्हा कळलं की त्याच त्या पेशंटच्या नोंदी परत परत आल्यात. जुलै २०२१ मध्ये पेपर काढून टाकला. पकडलं माणसानं.

गोदाकाठ, नांदेड:
भाऊ, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटायलंय. फाइल होती म्हणून तर उघडता आली! सर्जिस्फीअर नावाच्या कंपनीच्या डेटावरचा कोविडचा पेपर मे २०२० मध्ये लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलनं छापला, रिव्ह्यू माणसांनीच केला, मूळ डेटा कुणालाच मिळाला नाही, जूनमध्ये मागं घ्यावा लागला. डेटा कुठंय हा प्रश्न मशीन हजारो पेपरांना विचारू शकतं, तुमचा रिव्ह्यूअर एकाला विचारताना थकतो.

मातीपरीक्षण, संभाजीनगर:
मशीनच्या आकड्याचं कौतुक मला सांगू नका. पीएचडीचा प्रबंध, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या आत पाहिजे, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम. आता माती सावलीत वाळवली, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली, हे वाक्य अख्ख्या देशात सगळे सारखंच लिहितात. आमच्याकडं म्हणाले, बदला. बदलत बदलत मेथड अशी झाली की ती वाचून दुसऱ्या कुणाला प्रयोगच करता येणार नाही. रिप्रोड्युसिबिलिटी म्हणतात ना, दुसऱ्यानं तोच प्रयोग परत करून बघता येणं, ती आकड्यासाठीच मारली.

कपाशीवाला:
ताई, हेच म्हणायलोय मी!

गोदाकाठ:
विषय भरकटवू नका. चोरी पकडणारं सॉफ्टवेअर वेगळं, हे वेगळं.

मातीपरीक्षण:
वेगळं कसं? कमिटी आकडा बघते अन् पानं उलटत नाही. तुमचा नवा स्कोर आला की त्याचंही तेच होणार. तुम्हाला भोगावं लागलं नाही म्हणून सोपं वाटायलंय.

गोदाकाठ:
मला काय भोगावं लागलं ते तुम्हाला माहीत नाही, उगं अंगावर येऊ नका.

ओपीडी, लातूर:
दोघंही जरा थांबा. पीजीचे थिसिस बघतो मी. सॅम्पल साइज (किती पेशंट घ्यायचे तो आकडा) कशी काढली ते लिहिलेलंच नसतं, ट्रायल असून सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीचा, नंबर नसतो. असल्या गोष्टी मशीननं आधीच सांगितल्या तर माझा वेळ पेशंटच्या डेटाकडं जाईल. पण गणिती मॉडेलच्या पेपरालाही ते ब्लाइंडिंग विचारतं, हेही खरंय.

गोदाकाठ:
बरं, ताईंचं एवढं मान्य करतो, रिपोर्ट लेखकाच्या हातात द्या, कमिटीला आकडा देऊच नका. पण म्हणून तपासणीच नको हे मला पटणार नाही.

कपाशीवाला:
नको म्हणलंच नाही मी. फाइल उघडून नोंदी बघत बसणाऱ्याला कोणतं विद्यापीठ पगार देणार ते आधी सांगा, मग तुमचं मशीन लावा.